आठवी दुरुस्ती

मंगळवार, ३ मार्च

आधी कालची चूक. काल मी लिहिलं की बोरूच्या नव्या आवृत्तीत सात दुरुस्त्या आहेत. सात नाहीत, आठ आहेत. कालच्या पानावर जाऊन ते असं केलं: ~~सात~~ आठ. बोरूमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना अशा दोन-दोन नागमोडी खुणा घातल्या की छापताना त्यावरून एक आडवी रेघ जाते. एकच. आमच्या घरात खोडरबर नव्हतं. बाबा म्हणायचे, चूक एका रेघेनं खोडायची, ती वाचता आली पाहिजे, आणि बरोबर काय ते शेजारी लिहायचं. गिरगटून ठेवणारा पोरगा काहीतरी लपवतो.

ते असंही म्हणायचे की नोंद अशी लिही की परक्यालाही कळेल. म्हणून: बोरू हे दादाने अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या प्रश्नपत्रिकांसाठी केलेलं साधन. साधा मजकूर लिहायचा, मध्ये थोड्या खुणा टाकायच्या, बोरू त्याचं नीटनेटकं पान करून देतं. फुकट आहे, हलकं आहे, जुनाट कॉम्प्युटरवरही चालतं. किती लोक वापरतात ते आम्हाला माहीत नाही. काही हजार असतील. दादा समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर काम करतो, त्यामुळे तीन वर्षं तक्रारी मीच बघते. नियम एकच: दोघांनी ‘ठीक’ म्हटल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नाही.

यादीतल्या सात अशा होत्या की कुणीही ठीक म्हणावं. शीर्षकाच्या # खुणेनंतर आता एक जागा सोडावीच लागेल (यावर जुने लोक कुरकुरणार). दोन आकड्यांमधली गुणाकाराची * खूण यापुढे अक्षरं तिरकी करणार नाही, त्यासाठी गणिताचे एक मास्तर चार वर्षं मागे लागले होते. लांब ओळीचं शेपूट छापताना तुटायचं, ते आता तुटणार नाही. बाकीच्या याहून बारीक.

आठवी ही. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब असलं की ती यादी. आतापर्यंत तुम्ही लिहाल तो आकडा जसाच्या तसा छापला जायचा. मधली ओळ काढली तर १, २, ४, ५ असं फेंगडं दिसायचं आणि सगळे आकडे हाताने बदलावे लागायचे. आता बोरू स्वतः मोजतं. तुम्ही काहीही लिहा, छापताना १, २, ३, ४. मी ती शेवटच्या दुपारी केली, अकरा ओळींचं काम. यादीत टाकायची राहिली. दादाचं ‘ठीक’ आलं ते सातला. आठवीला फक्त माझं आहे.

जाहीर यादीही दुरुस्त करायला हवी. पण एवढ्या एका ओळीसाठी सगळ्यांना पुन्हा पत्र पाठवायचं? पुढच्या आवृत्तीबरोबर करेन. इथे नोंद केली आहे, म्हणजे लपवलं असं काही होत नाही.


बुधवार, ४ मार्च

बाबांना ठेवलंय त्या शुश्रूषा सेंटरवर गेले. बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला आज दोन आठवडे झाले. अजून तीन आठवडे इथे राहायचं, चालायचा सराव करायचा आणि रोज एक गुलाबी गोळी घ्यायची, रक्त पातळ राहण्यासाठी. पाय हलत नाही तोवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

सेंटरमध्ये एका रांगेत सात खोल्या आहेत, एकेका खोलीत एक जण. बाबा शेवटच्या, सातमध्ये. सहामध्ये शब्दकोडी सोडवणाऱ्या आजी, पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख मिळायची वाट बघत आहेत. पाचमध्ये ड्रायव्हरकाका, पाय मोडला म्हणून मांडीपर्यंत प्लास्टर. तीस वर्षं बस चालवली आणि पडले ते स्वतःच्या घराच्या पायरीवरून.

मोठ्या सिस्टरांनी दारातच पकडलं. “तुमचं बोरू पुन्हा ओळी खातंय. आम्ही उपाशी ठेवतो की काय त्याला?”

त्यांच्या कॉम्प्युटरवर दादानेच बोरू बसवून दिलं होतं. रोज सकाळी त्या गोळ्यांचा कागद त्यात लिहितात. आधी खोलीचा आकडा, टिंब, मग गोळ्या. नावं लिहीत नाहीत. “भिंतीवर नाव नको, येणाऱ्याजाणाऱ्यांना कशाला कळायला हवं कुणाला काय झालंय.” छापलेला कागद मदतनीस मावशी मशीनमधून उचलतात, औषधांच्या कपाटाच्या दारावर लावतात आणि तो बघून खोलीखोलीत गोळ्या देतात. कालचा कागद शेजारच्या खिळ्याला. सिस्टर छापलेलं बघत नाहीत, मावशी लिहिलेलं बघत नाहीत.

मी नवी आवृत्ती बसवून दिली. समोरच छापून बघितलं. सात ओळी, सात आकडे, शेपटं शाबूत. सिस्टर म्हणाल्या, “शहाणी गं बाई.” दिवसभर बरं वाटलं.

आजींनी हाक मारली. “ए तिसरी! चार अक्षरी, एकामागून एक.” बाबा मला तिसरीच म्हणतात, ते ऐकून आता सगळी रांग म्हणते.

“अनुक्रम.”

“बसलं! शिकवलंय हो मास्तरांनी पोरीला.”


शनिवार, ७ मार्च

आठवीबद्दल चार पत्रं आली, चारही खुशीची. एकाने लिहिलंय, ‘यादीत नसलेली ही भेट सर्वांत आवडली.’ यादीत नसलेली.

शनिवारी दादाचा फोन असतो.

“तिसरे, दुरुस्त्या किती होत्या?”

“आठ.”

“मला किती सांगितल्यास?”

“सात. अरे, राहून गेली. मुद्दाम नाही.”

“माझ्या यंत्रांची यादी छापली आज. चौथं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून मी चार लिहिलंच नव्हतं. कागदावर पाचवं यंत्र चौथं झालं. इथे बरं सगळे मला हसले नुसते.”

“पण लोक खूश आहेत रे.”

“म्हणजे लोकांनी छापलेलं अजून वाचलं नाहीये.”

मी म्हटलं, मधली ओळ काढली की आकडे हाताने बदलत बसायचे का? तो म्हणाला, “आकडा लिहिणाऱ्याचा असतो. बोरूने मोजायचं नाही. ती ओळ मी पहिल्या दिवशी लिहिली होती, सगळ्यात आधी. का लिहिली ते तुला खरंच माहीत नाही?”

“का?”

मग म्हणाला, “जाऊ दे. एकोणीसला, गुरुवारी मी उतरतोय. दोघं बसून काढून टाकू.”

मला वाटतं आपल्या जुन्या कामाला हात लावलेला त्याला खपत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण मनात आलं ते आलं.


मंगळवार, १० मार्च

काल ड्रायव्हरकाकांच्या दुखण्याच्या गोळ्या संपल्या. आता त्यांना औषध काही नाही, नुसता व्यायाम. आज गेले तर ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

“तिसरी, मला बढती मिळाली. काल सुटलो म्हणून आनंदात होतो, आज ही एवढी पांढरी गोळी. घोड्याला देतात तेवढी. मावशीला म्हटलं, अहो, सुट्टी होती ना मला? तर म्हणते, कागदावर आहे, गिळा.”

“मग गिळलीत?”

“तीस वर्षं वरून आलेला कागद बघून गाडी काढली. आता काय वाद घालणार?”

बाबांकडे उलटं. म्हणाले, “माझी गुलाबी गोळी बंद झाली.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मावशी आल्याच नाहीत. मी विचारलं, तर सात नंबरला कागदावर काही नाही म्हणाल्या. कागदावर नसेल तर नसेल.”

पाच आठवड्यांचा कोर्स तीन आठवड्यांत संपला म्हणजे सुधारणा चांगली असणार. की बाबा विसरतात? गोळी घेतली आणि घेतल्याचं विसरले असंही होत असेल. वयही झालं. कालपर्यंत असे नव्हते. सिस्टरांना विचारायचं ठरवलं होतं, पण त्या फोनवर होत्या, आणि मग माझी बस आली.


गुरुवार, १२ मार्च

आज डॉक्टरांचा दिवस. ते येतात, ऑफिसात फाइली बघतात, खोल्यांमधून एक चक्कर मारून जातात. मी दारात उभी राहून विचारलं, बाबांचं औषध? त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, “सगळं व्यवस्थित चालू आहे.” चालू आहे म्हणाले. म्हणजे बाबाच विसरतात. मनात पाल चुकचुकली, पण डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं होतं.

आजींच्या दोन्ही हातांवर निळे-काळे डाग आलेत, रुपयाएवढे. मी विचारलं, कुठे आपटलात?

“कुठे नाही गं. मुका मार म्हणतात ना, तो हाच. मुका आहे, कुणी मारलं ते सांगणार कसा?” स्वतःच्या विनोदावर इतक्या हसल्या की ठसका लागला. रुमाल तोंडाला लावला तो बाजूला घेतला तेव्हा त्यावर लाल ठिपका होता. हिरडीतून येतं म्हणाल्या, दोन दिवस झाले. दात घासायचा ब्रश मऊ आणून द्यायचं मी कबूल केलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कधीतरी. रविवारी लेक मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेणार आहे.


शनिवार, १४ मार्च

पहिलं वाईट पत्र. एका सोसायटीचे सचिव लिहितात: नववा नियम सभेने रद्द केला होता, म्हणून त्यांनी नियमावलीत नऊ आकडा मोकळा ठेवला होता. नव्या बोरूने दहाव्याचा नववा केला, अकराव्याचा दहावा. तशीच छापून घरोघरी वाटली. आता दोन शेजारी भांडताहेत आणि दोघांच्या हातात दहावा नियम आहे, वेगवेगळा. ‘यादीत या बदलाचा उल्लेखही नाही. आम्ही सावध तरी कसे राहणार?’

उत्तराचे तीन मसुदे केले. एकही पाठवला नाही.

दादाच्या कानावर घातलं. तो रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, “गुरुवारी.” मी म्हटलं, तू ठीक म्हण, मी आत्ता काढते. “आत्ता काढलीस तर का काढली ते लिहावं लागेल. ते नीट लिहू, दोघं मिळून. चार-पाच दिवसांत कुणाचा जीव जातोय का?”


रविवार, १५ मार्च

आजी गेल्या. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात. सकाळी लेक येऊन घेऊन गेली, मी पोचले तेव्हा खोली सहा पुसून झाली होती. मऊ ब्रश माझ्या पिशवीतच राहिला. मावशी म्हणाल्या, निघताना नाकातून रक्त आलं, बोळे घालून नेलं. “उष्णता, दुसरं काय.”

बाबांची डावी पोटरी सुजली आहे. हात लावला तर गरम. म्हणाले, “बसून बसून झालं असेल.” मी चोळून दिली.


सोमवार, १६ मार्च

क्रमाने लिहिते.

साडेनऊला पोचले. मावशी औषधांच्या कपाटासमोर होत्या, मी पोटरी शेकायला गरम पाणी मागायला गेले. त्या गोळ्या मोजत होत्या म्हणून मी गप्प उभी राहिले आणि उगाच कागद वाचला. आजी गेल्यामुळे त्यांची ओळ आज नव्हती. कागदावर पाच ओळी. १, २, ३, ४, ५. अगदी सुबक. पाचसमोर लिहिलं होतं: गुलाबी गोळी, एक, नाश्त्यानंतर.

मावशींनी गुलाबी गोळी वाटीत टाकली आणि पाचकडे निघाल्या, ड्रायव्हरकाकांकडे. मी त्यांचा हात धरला. गोळी खाली पडली. काय बोलले आठवत नाही.

ऑफिसात जाऊन सिस्टरांनी लिहिलेलं उघडलं. तिथे होतं: १, २, ३, ४, ७. लिहिलेलं बरोबर होतं. छापलेलं मोजलेलं होतं.

मग खिळ्याचे जुने कागद काढले. नऊ तारखेपर्यंत सात ओळी. दहा तारखेला पाचची ओळ गेली, कारण ड्रायव्हरकाकांना औषध नव्हतं. त्या दिवसापासून बोरूने सहाला पाच केलं आणि सातला सहा. आजींची कॅल्शियमची गोळी ड्रायव्हरकाकांना. बाबांची रक्त पातळ करायची गोळी आजींना. बाबांना काही नाही. दहा ते पंधरा, सहा दिवस.

आता दहा तारखेच्या नोंदीतली चूक: ~~बाबा विसरतात~~ बाबा बरोबर सांगत होते. बारा तारखेच्या नोंदीतलीही: ~~म्हणजे बाबाच विसरतात~~. शेजारी काय लिहू? डॉक्टरांनी फाइल बघितली, फाइल बरोबर होती, कागद कुणीच बघितला नाही, आणि तो मी बिघडवला होता.

सिस्टरांना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. “हळू बोला,” एवढंच म्हणाल्या. मग झटकन उठून डॉक्टरांना बोलावलं. बाबांच्या पोटरीत गुठळी आहे. पोटात इंजेक्शन दिलं, पाय जराही हलवायचा नाही, चोळायचा तर मुळीच नाही. मी काल चोळला. डॉक्टरांनी विचारलं गोळी चुकली का, तर सिस्टर म्हणाल्या, “दोनेक दिवस राहिली असेल, बघते.” मी तिथेच होते. बोलले नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, आजींचं काय? तिकडे ऑपरेशन करणार आहेत. त्यांच्या रक्तात सहा गोळ्या आहेत आणि कुणालाच माहीत नाही.

“मी फोन करते हॉस्पिटलला. ते माझं काम आहे. तुम्ही मध्ये पडलात तर गोंधळ होईल.”

“आज कराल?”

“अहो, करते म्हटलं ना!”

घरी येऊन दादाला निरोप पाठवला. उत्तर तासाभरात आलं: ‘आठवी काढ. माझं ठीक. कारणात किरकोळ सुधारणा एवढंच लिही. बाकी मी गुरुवारी आल्यावर. तोवर कुणाशी बोलू नकोस. बोरूवर दोघांचं नाव आहे, आणि बाबा सेंटरवाल्यांच्याच ताब्यात आहेत.’

काढली. ‘किरकोळ सुधारणा’ असंच लिहिलं. हे दोन शब्द मी टाइप केले.


मंगळवार, १७ मार्च, दुपारी साडेबारा

बाबांच्या खोलीत बसून लिहिते आहे. ते पाठीवर पडून छताकडे बघताहेत.

सकाळी अकराला आजींची लेक आली. टेलर आहे, गळ्यात मोजायची पट्टी तशीच, दुकानातून आली. आजींची चष्म्याची डबी आणि शब्दकोड्यांची वही राहिली होती. सिस्टर म्हणे बाहेर गेल्या होत्या, मावशींना काही सापडेना, म्हणून मीच सहामध्ये जाऊन उशीमागून डबी काढून दिली.

“तूच तिसरी ना? आई सारखं बोलते तुझ्याबद्दल. म्हणाली, तिला सांग, मऊ ब्रश विसरलीस.”

मी पिशवीतून ब्रश काढून दिला. विचारलं, कशा आहेत?

“जरा फिक्या दिसतात. पण हिंमत आहे. उद्या सकाळी आठला ऑपरेशन.”

उद्या. मी विचारलं, सेंटरमधून फोन आला होता का हॉस्पिटलला?

“कशाला?” ती म्हणाली. “कागद होते की सगळे बरोबर. ते डॉक्टर पण काय, दोनदा विचारलं मला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. म्हटलं छे हो, आईला एक कॅल्शियम सोडलं तर काही नाही. फाइलच दाखवली.”

माझं तोंड उघडं होतं. मला आठवतंय, कारण ते कोरडं पडलं. ती म्हणाली, “अगं, बरं नाही का तुला?” मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नाही. ती गेली. जाताना दुकानाची कापडी पिशवी दिली, आईने तुला कोडी पाठवलीत म्हणून. पिशवीत एक सुटलेलं पान होतं. सगळं भरलेलं, एक शब्द सोडून.

कपाटाजवळ जाऊन बघितलं. खिळा रिकामा आहे. जुने कागद गेले. मावशी म्हणाल्या, मोठ्या सिस्टरांनी सकाळीच रद्दी आवरली. खाई त्याला खवखवे म्हणायला मी कोण. मी तर ‘किरकोळ सुधारणा’ लिहून आले आहे.

परत येऊन बसले. बाबांना काल सगळं सांगितलं आहे. आज छताकडे बघतच म्हणाले,

“पहिला?”

आम्ही तिघं घरीच शिकलो. दुसरीला, म्हणजे मधल्या बहिणीला, दम लागायचा, शाळा झेपायची नाही, म्हणून बाबांनी तिघांची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर भरवली. रोज सकाळी हजेरी. पहिला? हजर. दुसरी? हजर. तिसरी? हजर. मी नऊ वर्षांची असताना दुसरी गेली. त्यानंतरही हजेरी तशीच. पहिला? हजर. दुसरी? आणि बाबा थांबायचे, ती उत्तर देईल इतका वेळ. मग तिसरी? मी हजर म्हणायचे. आईने एकदा कणकेचा हात तसाच ठेवून म्हटलं, “अहो, आता दोनच आहेत. का टोचता?” बाबा म्हणाले, “जागा रिकामी आहे. नाहीशी झालेली नाही.” मला दुसरी म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दादाने बोरूची पहिली ओळ का तशी लिहिली, ते मला आज कळलं. त्याने विचारलं तेव्हा मी ‘का?’ म्हटलं होतं.

“पहिला गुरुवारी येतोय,” मी म्हटलं.

“दुसरी?”

ते थांबले. मी पण थांबले. बाहेर ड्रायव्हरकाका मावशींना म्हणत होते, “आज गोळी नाही? म्हणजे पुन्हा पायउतार का?”

“तिसरी?”

“हजर.”

“हजर आहेस तर आवाज कुठाय?”

“बाबा, सिस्टर रागावल्या तर तुम्हाला इथून काढतील. पाय हलवायचा नाहीये. दादा म्हणतो...”

“मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय.” मग मास्तरांच्या आवाजात नाही, नुसत्या दमलेल्या आवाजात म्हणाले, “तुझ्या वहीत तू सगळं खरं लिहितेस, मला माहीत आहे. लहानपणापासून. चूक केली की वहीत खोडून ठेवायची, आणि ती ज्याला भोवली त्याला सांगायचं नाही. मला वाटायचं, मोठी झाली की जाईल.”

वहीचं नवं पान काढलं.

काय करायचं ते लिहून काढते, म्हणजे डोकं चालेल.

१. आजींच्या लेकीला फोन करून सहा गोळ्यांचं सांगायचं. पिशवीवर दुकानाचा नंबर छापला आहे.
२. हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी स्वतः बोलायचं. तारखा दहा ते पंधरा. गोळीचं नाव बाबांच्या पाकिटावर आहे.
३. इथल्या डॉक्टरांना सांगायचं की दोनेक दिवस नव्हे, सहा.
४. बोरू वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र. दुरुस्त्या सात नव्हत्या. आठवी कोणती, तिने काय केलं आणि ती कुणी केली. ज्यांनी ज्यांनी काही छापलं आहे त्यांनी आकडे तपासावेत.

कधी: गुरुवारी, १९ मार्चला, दादा आल्यावर.

लिहिलं आणि वाचून बघितलं. मंगळवारवरून मी सरळ गुरुवारवर गेले. मधला बुधवार लिहिलाच नाही, आणि तरी ओळ किती सुबक दिसते. बुधवारी सकाळी आठ वाजता आजी टेबलावर असतील.

बाबांकडे फोन मागितला. माझ्या फोनवर दादाचा निरोप उघडा आहे, तो बघत मला बोलता येणार नाही. त्यांनी उशीखालून काढून दिला. पिशवी मांडीवर आहे.

कधी: ~~गुरुवारी, १९ मार्चला, दादा आल्यावर~~ आज, मंगळवार, १७ मार्च.